अल्बेर, वसंतकाका आणि इतर जनावरं

लोक बेटांवर जातात आणि मासे बघून येतात. कोरल, डॉल्फिन, काय काय! आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या ग्रुपला आजवर समुद्रातलं एकही जनावर धड दिसलेलं नाही. आमच्याकडे येतं ते जमिनीवरून, चालत, आणि बहुतेक वेळा खाण्याच्या वेळेला. मग शनिवारी कुणाच्या तरी काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत चहा पिताना ते किस्से पुन्हा पुन्हा निघतात. आता इतके साठलेत की नव्या पाहुण्याला आधी विचारावं लागतं, “घाई नाही ना?”

ग्रुप म्हणजे फार नाही. मी आणि माझी बायको मेधा. टीव्हीवर हॉलिडे-डील्सची पानं सरकत असतात ना, त्यांच्यासमोर ठाण मांडून स्वस्तातलं बेट हुडकणारी ती हीच. दुसरा शिरीष, माझ्याबरोबर बेसिंगस्टोकला नोकरीला, मूळचा नागपूरचा. आणि आमच्या शेजारचे वसंतकाका. ऐन तारुण्यात इथे आले, बसडेपोतून रिटायर झाले. काकू गेल्यापासून त्यांना आम्ही दर सुट्टीत बरोबर नेतो. काका बीचवरसुद्धा पॉलिश केलेले बूट घालतात. फोटो मात्र काढू देत नाहीत.

“मी काय प्रेक्षणीय स्थळ आहे?” म्हणतात.

*

पहिलं बेट श्रीलंका. मेधाच्या मते शेजारच्या वॉटफर्डच्या पुढे जायचं तर दशम्या आणि चकल्या बरोबर हव्यातच. हॉटेलच्या बाल्कनीत चकल्यांचा डबा उघडा ठेवून ती चहा करायला आत गेली. बाहेर येते तर खुर्चीत माकड, मांडीवर डबा!

माकडाने एक चकली घेतली. मोडली. चावली. जरा विचार केला. मग उरलेला तुकडा डब्यात ठेवला, डबा टेबलावर ठेवला आणि कठड्यावरून निघून गेलं.

मेधाचा जो काही संताप झाला! चोरीमुळे नाही हो. “मोहन कमी पडलं असं म्हणायचंय का त्याला?”

काका पेपर वाचत होते. म्हणाले, “फेकली नाही, परत ठेवली. चांगल्या घरचं दिसतंय.”

*

शिरीष नागपूरचा, त्यामुळे वाघ हा त्याचा घरचा विषय. “आमच्याकडे वाघ रस्त्यात भेटतात यार!” हे वाक्य आम्ही बार्बाडोसच्या अख्ख्या फ्लाइटमध्ये ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीत खेकडा शिरला. जमिनीवर राहणारा, चांगला बशीएवढा. शिरीष लॅपटॉपची बॅग छातीशी धरून पलंगावर उभा राहिला आणि त्याने रिसेप्शनला फोन लावला. रिसेप्शनवरची बाई शांतपणे म्हणाली, “सर, दार उघडं ठेवा. त्याला जायचं असेल तेव्हा तो जाईल.”

आता दार उघडायचं तर खाली उतरायला हवं!

आम्ही नाश्त्याला बसलो होतो. माझ्या मोबाइलवर त्याचा मेसेज आला: ‘माझ्यासाठी काही आणू नका. खेकड्यासाठी आणा.’

मी मेसेज मोठ्यांदा वाचला. काकांनी टोस्टला बटर लावता लावता मान हलवली. “बिचारा. वाघ असता तर बघून घेतलं असतं त्याने.”

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात काका घरातल्या जिन्यावरून पडले. हाड मोडलं नाही, पण नितीन फार घाबरला. नितीन म्हणजे काकांचा मुलगा, इथेच जन्मलेला, नॉटिंगहॅमला हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. फोन आला की मोटरवेवरून धावत यायचा बिचारा. त्याचं म्हणणं एकच, हॅरोचं घर विका आणि माझ्याकडे या. काका म्हणायचे, “बघू.” त्या घरात काकूंनी कुंडीत वाढवलेला कढीपत्ता होता. काका त्याला दुपारच्या उन्हाप्रमाणे या खिडकीतून त्या खिडकीत नेऊन ठेवायचे. मला दोघांचंही वाईट वाटायचं, खरंच.

तर टोबॅगोला नितीनही आला, आणि येताना एक ब्रोशर घेऊन आला. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी घराला जोडून बांधतात त्या ग्रॅनी फ्लॅटचं, गुळगुळीत कागदाचं, रंगीत. बीचवर काकांच्या खुर्चीशेजारी ठेवून म्हणाला, “बाबा, सावकाश बघा. नो प्रेशर.” आणि पोहायला गेला.

तिथे शेळ्या मोकळ्या फिरतात. नितीन परत आला तेव्हा शेळीच्या तोंडात शेवटचं पान होतं, बहुतेक बाथरूमचं.

“बाबा! तो शेळी माझी पूर्ण ब्रोशर खाल्ली! तुम्ही इथेच होता ना? थांबवला का नाही?”

“मला वाटलं, वाचतेय,” काका म्हणाले.

*

आणि मग सेशेल्स. या वेळी नितीन वेगळ्याच तयारीने आला होता. हॅरोच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि परत गेल्यावर एजंटला हो की नाही ते सांगायचं होतं. विमानातच त्याने सगळं पुन्हा समजावलं. “तळमजला आहे बाबा. हीटिंग आहे. मुलं आहेत, डॉक्टर समोर आहे. तुम्हाला काहीच लागणार नाही. ठरलं ना?”

“बघू,” काका म्हणाले. पण या वेळी आवाज बारीक होता. मेधा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “हरले रे काका.”

हॉटेलच्या डायनिंग हॉलच्या एका भिंतीला बाहेरून लागून, वाळूत, एक कासव बसलेलं असायचं. मोठं म्हणजे किती, आपल्या सेंटर-टेबलाएवढं! नाव अल्बेर. हॉटेलची गाईड बाई सांगू लागली, “हा हॉटेलच्या आधीपासून इथला. आम्ही हॉल बांधला तेव्हा दार नेमकं इथे आलं, आणि हा दारातच बसायचा. वेटर अडखळायचे. म्हणून ट्रकमध्ये घालून बेटाच्या पलीकडच्या टोकाला नेला. तिथे छान सोय आहे. सावली, पाणी, चार कासवं सोबतीला, जनावरांचा डॉक्टर.”

“देअर यू गो,” नितीन म्हणाला.

“एक दिवस सकाळी बघतो तर परत इथेच. मधला अख्खा डोंगर चढून, उतरून, चालत आला.”

मग काकांनी विचारलं, “अँड देन?”

“देन व्हॉट, सर? आम्ही दार दुसऱ्या बाजूला काढलं.”

काकांनी पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढली. माझ्या खांद्याचा आधार घेत ते सावकाश खाली, वाळूत, बुटांसकट अल्बेरच्या शेजारी बसले. शर्टाची कॉलर नीट केली.

“नितीन,” ते म्हणाले, “फोटो काढ. दोघांचा.”