चातुर्मासात तोडलेली निलगिरी

नेम मोडलेल्या बाईने आपला अनुभव सांगावा का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. ज्यांनी व्रतं काटेकोर पाळली त्यांनी लिहावं, आपण कशाला, असं वाटायचं. पण त्या श्रावणात भगवंत माझ्याजवळ येऊन गेला, आणि तोही मी हातात काठी घेऊन भांडायला निघाले असताना. ते सांगितल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही.

आमचं घर सांगलीजवळ, कृष्णाकाठी. जैन घर, थोडा ऊस, थोडी हळद. शिवाय आटपाडीकडे सासऱ्यांनी घेतलेला कोरडा माळ आहे, त्यावर माझ्या यजमानांनी निलगिरी लावली. दरवर्षी एकच पट्टा तोडायचा, बुंधे जमिनीत ठेवायचे, ते उसाच्या खोडव्यासारखे पुन्हा फुटतात. तो पट्टा वाढेपर्यंत दुसऱ्याची पाळी. माळ कधी उघडा पडत नाही आणि लाकूडही मिळत राहतं, याचा यजमानांना भारी अभिमान. मला मात्र ती झाडं कायम टोचायची. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, वृक्षतोडीवर पोट भरू नये असं आमच्यात सांगतात. यजमानांशी वाद घालून थकले, तेव्हा आमच्या बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, चातुर्मासाला आलेल्या साध्वी माताजींसमोर मी नेम घेतला. पावसाळ्याचे चार महिने आमच्या रानातलं हिरवं झाड तोडणार नाही, तोडू देणार नाही. यजमान म्हणाले, "बरं झालं. चार म्हैने कुऱ्हाडीला बी सुट्टी, आन् माझ्या कानांना बी."

त्या वर्षी कृष्णेचं पाणी आमच्या अंगणात आलं आणि आम्ही दोघं आटपाडीच्या माळावरच्या खोलीत राहायला गेलो. तिकडे पूर आणि इकडे नुसता वारा आणि भुरभुर. घराची काळजी होतीच, पण बस्तीतल्या पार्श्वनाथांचं दर्शन अंतरलं याचं मला जास्त वाईट वाटे. रोज सकाळी डोळे मिटून ती काळी मूर्ती आणि तिच्यावरचा नागफणा आठवायचा आणि जपाची माळ ओढायची. वैऱ्याने धो धो पाऊस पाडला तेव्हा धरणेंद्र नागाने देवावर फणा धरला, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकलेली. खरं सांगते, त्या दिवसांत माझा विश्वास डळमळला होता. तुझ्यावर फणा धरणारा होता देवा, आमच्यावर कोण धरणार, असं मी त्याला चक्क विचारलं होतं.

अशात एका सकाळी दारात टेम्पो थांबला. उतरला तो सैन्यातून निवृत्त झालेला, चाळिशीचा गडी, अंगात हिरवा रेनकोट. साताऱ्याच्या डोंगरातली त्याची वाडी. आटपाडीच्या एका फौजी मित्राने त्याला आमची निलगिरी सांगितली होती.

"काकी, डोंगर खचलाय आमचा," तो म्हणाला. "माणसं शाळेत नेऊन ठेवल्यात. मदत लय आली. कपडं आलं, पत्रं आलं, बिस्किटाचं तर ढीग लागल्यात. पण पत्रं उभं करायला लाकडाच्या मेढी कुणी धाडल्या न्हाईत."

यजमानांनी विचारलं, "तिकडं रानात झाडं असतील की."

"हायती. पण डोंगराचं जे उरलंय ते त्यांच्याच मुळ्यांनी धरलंय. ती तोडली तर आमीच आमच्यावर डोंगर पाडल्यासारखं हुईल. आन् कराड-सांगलीच्या वखारी पाण्यात हायती." मग आवाज खाली आणून म्हणाला, "समदी खाली आली, माझी आई तेवढी येईना. गाभण म्हस हाय. तिला निवारा केल्याबिगर घर सोडत न्हाई म्हणती. घराच्या मागंच भेग पडलीया."

यजमान माझ्याकडे बघत म्हणाले, "नेम हिचा हाय. ती म्हणंल तसं."

मी म्हणाले, "दिवाळीनंतर ये बाबा. पायजे तेवढी ने. चातुर्मासात हिरव्याला कुऱ्हाड लावायची न्हाई, असा माझा नेम हाय."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. मी भांडणात कुणाला हार जात नाही. पण तो "बरं, काकी" एवढंच म्हणाला, हात जोडले आणि चहासुद्धा न घेता टेम्पोकडे गेला.

मी जपाला बसले. माळेचे मणी सरकत होते आणि मनात ती म्हातारी आणि तिची म्हैस. नेम पाळलाय, मग मन शांत का नाही, याचाच राग आला. तेवढ्यात बाहेर मेंढरांचा गलका ऐकू आला. गेल्या वर्षी तोडलेल्या पट्ट्यात कळप शिरला होता. कोवळे फुटवे तुडवले जातील म्हणून मी माळ ठेवली, काठी घेतली आणि तरातरा निघाले. धनगरांना चार शब्द सुनवायचेच असं ठरवून.

जाऊन बघते तर निम्मा कळप रस्त्यावर आडवा पसरलेला आणि त्यामागे फौजीचा टेम्पो अडकलेला. एक मेंढी वाटेतच व्यायला लागली होती. वाऱ्याचा आडोसा म्हणून धनगरीण तिला बुंध्याच्या फुटव्यांत घेऊन बसली होती. पाऊस जरा वाढला होता. आणि तो फौजी, स्वतः भिजत, अंगातला रेनकोट काढून दोन्ही हातांनी त्या मेंढीवर ताणून धरून उभा होता.

मी तिथेच थबकले. आमच्या बस्तीत रोज बघते ते रूप मला त्या माळावर दिसलं. खाली जीव, वर पाऊस आणि मध्ये धरलेला फणा. मी विचारलं होतं ना, आमच्यावर कोण धरणार? ज्याला मी तासाभरापूर्वी दारातून परत पाठवलं होतं, तोच धरून उभा होता.

धनगरीण मला बघून घाबरली. "आवं आक्का, लगीच हालतो आमी. एवढं कोकरू पडू द्या."

"हालू नगंस," मी म्हणाले. काठी खाली टाकली आणि रेनकोटाचं एक टोक धरलं. आजूबाजूला तोडलेल्या बुंध्यांतून माझ्या खांद्याइतके फुटवे आले होते. इतकी वर्षं मी त्या पट्ट्याकडे मसणवट असल्यासारखं पाहत होते. तिथे कोकरू जन्मलं, धडपडत उभं राहिलं आणि मला रडू आलं.

मी मनातल्या मनात म्हणाले, देवा, पाप लागलं तर मला लागू दे. माझ्या पुण्याची राखण करत बसण्यासाठी त्या म्हातारीला भेगेखाली ठेवू नकोस. मग फौजीला म्हणाले, "टेम्पो वळव बाबा."

दुपारी तोडणी सुरू झाली. पाळीचा पट्टा होता तोच तोडला. प्रत्येक झाडाला हात लावून मी आधी क्षमा मागत होते आणि यजमान, एरवी चेष्टा करणारे, माझ्यामागून कुऱ्हाड घेऊन येत होते. टेम्पो भरून गेला, पुन्हा आला, पुन्हा भरला.

पुढे फौजीचा फोन आला. शाळेजवळ पहिला गोठा उभा राहिला आणि आई म्हशीचं दावं धरून आपणहून खाली आली. नंतरच्या पावसात त्यांच्या घराची मागची खोली मातीखाली गेली. मी फोन ठेवला आणि यजमानांना हाक मारली.

पाणी उतरल्यावर माताजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या कौतुक करतील अशी थोडी आशा होती, खोटं कशाला बोलू? त्या शांतपणे म्हणाल्या, "व्रत मोडलं, त्याचं प्रायश्चित्त घ्या. जीव वाचले, त्याचा आनंद माना. दोन्हीची वजाबाकी करत बसू नका." निर्वाणदिनापर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, मी तूप सोडलं. मला तुपाशिवाय भात जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

दिवाळीच्या तोंडावर फौजी आईला घेऊन आमच्या घरी आला. म्हातारीने पदराखालून डबा काढला. "तुमच्याच मेढींखाली याली माझी म्हस. पयलं तूप तुमचं." मी हसायला लागले आणि हसता हसता डोळे भरून आले. तूप सोडल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग ठिवा की. तूप काय पळून जातंय व्हय?"

नेम मी आजही पाळते. पण तो माझ्या हातात घट्ट धरून ठेवायला दिलेला नाही, देवाच्या पायाशी ठेवायला दिलेला आहे, एवढं मला त्या श्रावणात कळलं. निर्वाणदिनाच्या पहाटे बस्तीत त्या तुपाचा दिवा लावला. उरलेलं तूप घरी आम्हा दोघांच्या भातावर जायचं होतं. दिव्याच्या उजेडात पार्श्वनाथांवरचा नागफणा नेहमीसारखाच होता. मला मात्र त्या जागी हिरवा रेनकोट दिसला, आणि मी माळ ओढायचं विसरून नुसते हात जोडले.