अडीचशे लिटरला किती वॅटचा हीटर?

गेल्या रविवारी सकाळी हॉलचं दार उघडलं. फिश टँकमधले सहाच्या सहा एंजल मासे एका कोपऱ्यात, हीटरला चिकटून... पंख मिटलेले. थर्मामीटर बघितला तर तेवीस! त्यांना सत्तावीस तरी लागतं.

ही टाकी आमच्या ह्यांची. चार फुटी, अडीचशे लिटर पाणी. हे मार्चमध्ये नोकरीसाठी मस्कतला गेले, जूनमध्ये लेक बेंगळुरूला. बेळगावात टिळकवाडीच्या घरात उरलो मी आणि मासे.

नखाएवढे असताना आणलेले ते ह्यांनी. जाताना एवढंच म्हणाले, "ह्यांना सांभाळ गं." आता त्यातला एक जरी गेला असता तर व्हिडिओ कॉलवर काय तोंड दाखवणार होते मी?

मी जन्माची कंग्राळीची, खेड्यातली. आमच्याकडं थंडीत वासराच्या पाठीवर पोतं घालतात. मग मी काय करावं? गिझरचं कढत पाणी दोन तांबे ओतलं आणि टाकीला आईनं शिवलेली वाकळ गुंडाळली! मासे बिचारे आणखीनच बावरले. हसा, हसा...

मग वाटलं, हीटरच बिघडला असणार. स्विच बंद केला, तो निवेपर्यंत थांबले, कारण तापलेला बाहेर काढला की त्याची काच तडकते. पिशवीत घातला आणि शहापूरच्या माशांच्या दुकानात गेले. म्हटलं, "अण्णा, मोठ्यातला मोठा द्या. पाचशे वॅटचा असला तरी चालेल."

त्यांनी माझा हीटर बादलीत बुडवून लावून बघितला. "आक्का, ह्यो चांगला हाय की. दोनशे वॅटचा."

"मग पाणी गार कशानं?"

"टाकी हाय त्या खोलीत कोण बसतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी नीट समजावलं... नुसते लिटर मोजून भागत नाही, खोलीतली हवा पाण्यापेक्षा किती गार आहे त्यावर वॅट ठरतात. माणसं वावरतात, टीव्ही चालू असतो, तिथं चार-पाच डिग्रीचाच फरक. बंद खोलीत, आपल्या बेळगावच्या थंडीत, दहाचा. "आदी माणसं असतील तितं. आता रिकामी पडलीया, न्हाय?"

मी "व्हय" म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, त्या दुकानात, सगळ्यांसमोर!

खरंच की. तिघांची जेवणं, भांडणं, बातम्या, सगळं त्या हॉलमध्ये. हे गेल्यापासून मी स्वयंपाकघर आणि आतली खोली सोडत नाही. हॉलमध्ये फक्त माशांना दाणे टाकायला जाते, तेही पळत. ह्यांची रिकामी खुर्ची बघवत नाही मला.

अण्णांनी पाचशेचा दिलाच नाही. एकच मोठा असला आणि त्याचा आपोआप बंद होणारा स्विच अडकून तो चालूच राहिला, तर मासे उकडून निघतील म्हणाले. जुन्याच्या जोडीला दोनशेचाच दुसरा दिला, दोन टोकांना दोन लावायला. "एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतोय."

दुसऱ्या दिवशी पाणी सत्तावीसवर आलं. मासे सुटे होऊन फिरायला लागले, आणि मी कितीतरी दिवसांनी चहा घेऊन हॉलमध्ये बसले. तेवढ्यात ह्यांचा फोन.

वाकळीची गंमत सांगून त्यांना पोटभर हसवलं. आणि हसता हसताच तोंडातून निघून गेलं, "मासे बरे आहेत हो. मलाच करमत नाही. तुम्ही या."

 हे म्हणाले, "मला तर पहिल्या दिवसापासनं करमत न्हाय गं..."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असलं काही आम्ही एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो. त्या अण्णांचं नाव विचारायचं राहिलं. पण हीटर विकून मोकळं व्हायच्या ऐवजी त्यांनी खोलीत कोण बसतंय ते विचारलं... नाहीतर मी अजूनही रोज फोनवर "मी मजेत" म्हणत राहिले असते.