शुक्रवारचं घर

वीज गेली की आमच्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकच ओरड उठायची, "गेली!" आणि लगेच दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक समाधानी आवाज यायचा, "आली एकदाची!" म्हणजे शांतता. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. अंबरनाथला रोज काही तास वीज नसायची, आणि त्याचा आनंद होणारा माणूस तुम्हीही पाहिला नसेल. टीव्ही बंद, मिक्सर बंद, खालची पिठाची गिरणी बंद. मास्तर कठड्यावर दोन्ही तळवे टेकून डोळे मिटून उभे राहायचे. वीज परत आली की चोरी पकडल्यासारखे ओशाळून घरात जायचे.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात ते कापड कापत. शाळेत शिकवायची मी, पण इमारतीत मास्तर ते आणि मी नुसती बाई. कारखान्यात दिवसभर मशिनींची घरघर. घरी दोन खोल्यांत आई, बायको, मुलं आणि नोकरी शोधायला म्हणून येऊन राहिलेला मेहुणा. त्याला क्रिकेटची कॉमेंट्री मोठ्याने लागायची, आणि मास्तरांच्या आईला ऐकू कमी यायचं. त्यामुळे त्या घरात साधं मीठ मागायचं तरी जाहीर सभेत बोलल्यासारखं मागावं लागे.

मास्तरांचं पालुपद एकच, "लाज वाटते हो." कोणी चहा पुढे केला, लाज वाटते हो. सेठने सगळ्यांसमोर कामाची तारीफ केली, लाज वाटते हो. त्यांच्या मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं, तर नाटक सुरू व्हायच्या आत उठून मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

असा माणूस दर शुक्रवारी नाहीसा व्हायचा. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. सकाळी पिशवी घेऊन बदलापूरच्या गाडीला निघायचे, दिवेलागणीला परत. पिशवीत काय असतं ते इमारतीतल्या बायकांनी हळूहळू शोधून काढलं. तांदूळ, चहापत्ती, साबण, कधी रॉकेलची बाटली. एकदा कोरी चटई. चटई दिसली आणि निकाल लागला. मास्तरांनी बदलापूरला दुसरं घर केलंय! कारखान्यातली पोरंसुद्धा गुरुवारी विचारायची, "क्या मास्तर, कल ससुराल?" मास्तर नाही म्हणत नसत. मान खाली घालत. आणि मान खाली घालणाऱ्या माणसाविरुद्ध लोकांना वेगळा पुरावा लागत नाही.

माझी शाळा बदलापूरच्या पुढे, धरणाच्या रस्त्यावरच्या एका गावात. बदलापूर स्टेशनबाहेरून शेअर जीप मिळते. एका शुक्रवारी चढले तर मागच्या बाकावर मास्तर, मांडीवर पिशवी. मला पाहून त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच उतरावंसं वाटलं. उतरलो दोघंही एकाच ठिकाणी. मी शाळेकडे वळले, ते ओढ्याच्या कडेने रानाकडे. राहवलं नाही म्हणून हाक मारून विचारलं, "मास्तर, इकडे कोण राहतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"कोणीच नाही बाई. म्हणून तर येतो."

उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. कारखान्यात पूर्वी पॅकिंगला असलेल्या एका ठाकर माणसाची डोंगरउतारावर थोडी जमीन होती, जंगलाला लागून. तिथे त्याच्या परवानगीने मास्तरांनी स्वतःच्या हातांनी एक खोपटं बांधलं होतं. वाटेवरून दिसू नये असं, झाडीच्या आत. तिथे जायचं, भात शिजवायचा, बसायचं, परत यायचं.

"वहिनींना सांगितलंत?" मास्तरांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो.

"काय सांगू? आपल्याच माणसांचा कंटाळा येतो असं सांगू? त्यापेक्षा लोक बाई ठेवलीय म्हणतात ते बरंय. त्यात निदान कोणाला नवल वाटत नाही." मग हात जोडून म्हणाले, "कुठे बोलू नका. लाज वाटते हो."

मी नाही बोलणार म्हटलं, आणि वर्गात जाऊन मनातल्या मनात पुष्कळ हसले. ते हसू फार टिकलं नाही. धरणावर फिरायला निघालेल्या, इमारतीतल्या कोणीतरी आम्हा दोघांना त्या जीपमधून उतरताना पाहिलं. मी बिनलग्नाची, तेव्हा संशयाला जागा ऐसपैस. दोन दिवसांनी वहिनी माझी कधीतरी नेलेली वाटी परत करायला आल्या. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, निदान चार दाणे साखर तरी घालतात. ही वाटी रिकामी होती.

"तुम्ही नि हे एका जीपमधून उतरता म्हणे."

"माझी शाळा आहे हो तिथे."

"तुमची शाळा मला माहितेय. ह्यांची कुठली शाळा आहे तिथं?"

शब्द मी दिला होता आणि अब्रूही माझीच चालली होती. "त्यांनाच विचारा," एवढंच म्हणू शकले. संध्याकाळी मास्तर जिन्यात भेटले, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्या माणसाला इतकं हललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तुमच्यावर आलं? माझ्यामुळे तुमच्यावर?" असं दोनदा म्हणाले आणि तसेच वर गेले. त्या घरात काही बोललं तर अख्ख्या इमारतीला कळतं. म्हणून ते बायकोला एवढंच म्हणाले, "शुक्रवारी माझ्याबरोबर चल. दाखवतो." मग माझ्या दारात आले. "बाई, तुम्हाला दिवाळीची सुट्टी आहे ना? तुम्ही पण चला. तिला एकटीला तिथं न्यायची लाज वाटते."

बघा आता. लग्नाच्या बायकोला एकांतात न्यायची लाज वाटणारा माणूस, आणि त्याच्यावर आळ कसला!

वहिनी लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या. सवतीसमोर जुन्या साडीत कोण जाईल? जीपमधून उतरल्यावर ओढ्याच्या दगडांवरून भरजरी काठ सावरत चालत होत्या आणि प्रत्येक झाडामागे कोणी आहे का ते बघत होत्या.

खोपटं अगदी जवळ गेल्यावरच दिसलं. कारवीच्या काठ्यांचा कूड, शेणमातीने लिंपलेला, वर पेंढा. दाराला कारखान्यातले जीन्सचे तुकडे जोडून शिवलेला पडदा, टीप अशी सरळ की विकत घ्यावासा वाटावा. आत तीन दगडांची चूल, रॉकेलची चिमणी, कोपऱ्यात चटई. मास्तर एकाएकी बोलायला लागले. ओढ्याच्या वाळूत खणलेला खड्डा दाखवला, त्यात पाणी कसं गाळून नितळ येतं ते ओंजळीत घेऊन दाखवलं. पावसाळ्यात छपराला गळती लागली होती ती कशी बुजवली ते सांगितलं. दुपारी एक पक्षी येतो, थांबलात तर आत्ता येईल म्हणाले. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. एकदाही लाज वाटते म्हणाले नाहीत.

वहिनींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या आत जाऊन मांडणीसमोर उभ्या होत्या. फळीवर एक ताट, एक पेला, एक पातेलं.

"एकच ताट?"

"मी एकटाच असतो ना गं."

वहिनी त्या चटईवर मटकन बसल्या. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या, आता हसतील. त्या रडायला लागल्या.

"बाई असती तर बरं झालं असतं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तिच्या झिंज्या उपटल्या असत्या नि ह्यांना घेऊन घरी गेले असते. इथं कोणाच्या झिंज्या उपटू? हे तर माझ्यापासनंच पळून येतात."

"तुझ्यापासून नाही गं. तू नाहीस त्यात."

"मग दुसरं ताट का नाही?"

मास्तर दाराशी उभे होते, हात ओले, मान खाली. मी परकी बाई तिथे काय करत होते, असं मला वाटत राहिलं. पायाखालची सारवलेली जमीन बघत बसले. काय सुंदर सारवली होती!

परत आलो तर जिन्यात बायका टपलेल्याच होत्या. "काय झालं हो?" मी काही बोलायच्या आत वहिनी ताठ मानेने म्हणाल्या, "मिटवलं मी. होती एक बदलापूरची. आता जाणार नाहीत. ह्या बाईच आल्या बरोबर, म्हणून धीर झाला." माझ्यावरचा आळ एका वाक्यात धुतला, आणि नवऱ्यावरचा पक्का करून टाकला. मास्तर मागे दोन पायऱ्या खाली उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मान डोलावली.

मास्तर पुन्हा तिकडे गेले नाहीत. खोपटं मोडलं नाही, नुसतं सोडून दिलं. शुक्रवारी घरीच बसत, टीव्हीसमोर, मेहुण्याच्या शेजारी. वहिनींना ते बघवेना. एका शुक्रवारी त्यांनी सासूला, मुलांना, भावाला, सगळ्यांना गोळा केलं आणि बहिणीकडे उल्हासनगरला घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "बसू दे एकटं, किती बसायचंय तितकं." तासाभरात मास्तर माझ्या दारात. "सगळी माझ्यामुळे बाहेर गेली हो. म्हातारी आईसुद्धा." त्यानंतर ती मंडळी परत येईपर्यंत ते खाली फाटकापाशी उभे होते. मी वरून बघत होते. घर रिकामं होतं, इमारत दुपारची झोपलेली होती, आणि हे उन्हात रस्त्याकडे डोळे लावून.

पुढे काही वर्षांनी मास्तर कारखान्यातच वारले, कापडावर खडूने आखणी करता करता. बायका भेटायला येत होत्या. खोली भरली होती, तरी कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आम्हाला अंबरनाथला इतकी वर्षं झाली, पण ते घर इतकं शांत मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. मी वहिनींच्या शेजारी बसले होते. तळमजल्यावरच्या एका म्हातारीने वहिनींच्या कानाशी तोंड नेलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "त्या बदलापूरवालीला कळवलंत का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे पुसले, पदर खांद्यावर नीट घेतला.

"कळवलं," त्या म्हणाल्या. "लाजेनं आली नसेल."