तेरवीला दिलेला शब्द

आमच्याकडे तेरवीचं जेवण आटोपलं की मोठ्या मुलाला चार लोकांत पागोटं बांधतात. मग त्यानं हात जोडून विचारायचं, बाबांकडे कोणाचं काही राहिलं असेल तर सांगा. लोक 'काही नाही' म्हणतात. ज्याचं खरंच असतं, तो नंतर एकट्यात भेटतो. माझ्या भावाच्या अंगात मात्र पागोटं बांधताच काय संचारलं कोण जाणे. भरल्या मांडवात तो म्हणाला, "बाबाच्या विम्याचा पैसा येनार आहे. पयले सगळ्यायचं देनं फेडीन."

बाबांचा गोंदियात बारदान्याचा धंदा होता. राईस मिलांना जुनी पोती पुरवायचे. माल उधारीवर उचलायचे, त्यामुळे एका व्यापाऱ्याचं बरंच देणं मागे राहिलं. माणूस वाईट नव्हता. बाबांच्या तिरडीला त्यानंही खांदा दिला होता.

मांडवात भावाची वाहवा चालली होती आणि मी आत चडफडत होते. विम्याला नॉमिनी आई होती. विम्याचं काम करणारे शेजारचे काका भावाला बाजूला घेऊन म्हणालेसुद्धा, "तो पैसा तुह्या मायचा आहे. उधारीवाल्यायचा त्यावर हक नाई." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तुझं काय जातंय, असं मी त्याला तोंडावर सुनावलं.

तो रडायलाच लागला. "बाबाचं नाव खराब नाई होऊ द्याचं मले," म्हणाला. माझा राग तिथंच निवला. बाप त्याचाही होताच की.

आईला कोणी विचारलंच नव्हतं, आणि मला धास्ती तिचीच होती. मागितलं की देऊन मोकळी होणारी बाई. हातातल्या पाटल्या तिनं धंद्यासाठी अशाच उतरवून दिल्या होत्या. आता हेही गेलं तर साध्या गोळ्या-औषधासाठी मुलाच्या तोंडाकडे पाहायची पाळी येणार होती.

पैसे तिच्या खात्यात जमा झाले, तसा व्यापारी गोंदियालगत कुडव्याला आमच्या घरी आला. भावानं बँकेची स्लिप सहीसाठी आईपुढे ठेवली. तिनं ती बाजूला सारली.

"भाऊ, तुमचे पैसे बुडनार नाई," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "धंदा यानं घेतला, हाच कमावून फेडन. हे मी नाई देत."

"आई, मी चार लोकांत बोललो ना."

"काऊन बोलला? मले विचारलं होतं?"

व्यापारी मान खाली घालून बसला. आईचा आवाज एकदम बारीक झाला.

"घर तुह्या नावानं, दुकान तुह्या नावानं. तुह्या बापानं अख्ख्या जलमात माह्या नावानं हे एकच करून ठेवलं. मले तं माहीतबी नव्हतं."

भावानं स्लिप उचलून खिशात घातली. "काका, महिन्याच्या महिन्याला देत जाईन," तो व्यापाऱ्याला म्हणाला, आणि व्यापाऱ्यानं मान हलवली. मी आईजवळ जाऊन बसले. बाबा गेले त्या दिवशीही ती एवढी रडली नव्हती.