लाडकी वर गेली

लाडकीची बदली झाली, पण ते तिला सांगायचं कुणाला सुचलं नाही. सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी बाळंतिणींच्या वॉर्डात शिरली, पदर खोचला, बादली उचलली, तर समिधा सिस्टर म्हणाली, "मावशी, तुम्ही इथे कशा? तुमची ड्युटी आता गच्चीवर."

"गच्चीवर? तिथं कोण बाळंत होतंय?"

"चादरी वाळत घालायला. नवा विभाग निघालाय, हरित विभाग."

लाडकीनं बादली खाली ठेवली. पालघरच्या बाहेर विद्यापीठाचं हे मोठं रुग्णालय उभं राहिलं, तेव्हापासून ती याच वॉर्डात होती. त्याआधी डोंगरातल्या पाड्यावर नवऱ्याबरोबर भात लावायचं आणि भात झोडून झालं की वीटभट्टीवर जायचं, असं तिचं आयुष्य. इथे ती पुसायची, पाणी तापवायची, दुपटी बदलायची. कळा सोसणारी एखादी पाड्यावरची पोर डॉक्टरांना बघून भिंतीकडे तोंड फिरवायची, तेव्हा लाडकी तिच्याच बोलीत म्हणायची, "भिऊ नको बाय, मी हाय." तेवढ्यासाठी कुणी तिला कधी शाबासकी दिली नव्हती आणि तिनंही ती मागितली नव्हती.

आता मात्र ती जिना चढताना एकच विचार करत राहिली: आपलं चुकलं काय? मागच्या आठवड्यात तिच्या हातून सांडलेलं औषध? की डॉक्टरीणबाईंना "जरा बाजूला व्हा" म्हटलं ते?

गच्चीवर एका बाजूला सोलरच्या काळ्या पाट्या, दुसऱ्या बाजूला तारांच्या रांगा. धुलाईघरातलं कपडे सुकवायचं यंत्र आता क्वचितच लावायचं आणि सगळं उन्हात वाळवायचं, असं ठरलं होतं. यंत्र मध्यंतरी बिघडलं तेव्हा लाडकीनंच दुपटी इथे आणून घातली होती. त्या वेळी ऑफिसातले दिग्विजय सर मोबाइल घेऊन वर आले होते. "मावशी, हात जोडा. हसा," म्हणाले. ऊन डोळ्यांवर येत होतं, तिनं डोळे मिटले. फोटो काढून सर निघून गेले. तो फोटो तक्रारीसाठी असणार, असं तिला तेव्हाही वाटलं होतं. आता तर खात्रीच झाली.

तीन-चार दिवस ती मुकाट चादरी झटकत राहिली. आणि मग तो गोंधळ झाला.

लाडकीची धाकटी बहीण सोमी पाम गावात राहायची, तारापूरच्या एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला होती. कामावर जाताना बोईसरच्या नाक्यावर तिला एक भलामोठा फलक दिसला. त्यावर तिची बहीण! हात जोडलेले, डोळे मिटलेले, भोवती हिरव्या पानांची महिरप. सोमीला वाचता येत नव्हतं. असे फलक तिनं दोनच कारणांसाठी लागलेले पाहिले होते, आणि लाडकी काही निवडणुकीला उभी नव्हती. शेजारी उभा असलेला कामगार हळहळून म्हणाला, "अच्छी औरत दिखती है."

ती हळहळ ऐकताच सोमी तिथूनच मागे फिरली, मिळेल त्या गाडीत बसून रुग्णालयात आली आणि थेट बाळंतिणींच्या वॉर्डात घुसली.

"माझी बहीण... लाडकी कुठं हाय?"

समिधा सिस्टर सलाईन लावत होती. मान वर न करताच म्हणाली, "लाडकीमावशी? त्या वर गेल्या."

"कवा?"

"सोमवारी."

सोमीनं जमिनीवर बसकण मारली आणि असा हंबरडा फोडला की झोपलेली बाळं एकदम जागी होऊन रडायला लागली.

वर लाडकीच्या हातात ओली चादर होती. जिन्यातून आक्रोश ऐकू आला. कुणाचं तरी बाळ दगावलं! आपली ड्युटी तिथे नाही हे विसरून ती धावत खाली आली. बघते तर जमिनीवर सोमी.

"सोमे! अगं, कोण गेलं?"

सोमीनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच सुरात रडत म्हणाली, "तूच!"

"मी?" लाडकी खरोखर गडबडली. "कवा?"

आणि मग हसावं की रडावं ते न कळून दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. गलका ऐकून मॅट्रनबाई आल्या. फलक वार्षिक कार्यक्रमाचा आहे, रुग्णालयाचा वर्षभराचा कारभार त्या दिवशी सांगणार आहेत आणि लाडकी 'हरित दूत' म्हणून निवडली गेली आहे, असं त्यांनी समजावलं.

"म्हंजे माझी चूक नाय?"

"चूक कसली? कौतुक आहे तुमचं."

"मग वॉर्डातून काढलं कशाला?"

"माणसं कमी पडतात, मावशी. इथे कंत्राटातल्या बायका मिळाल्या. गच्चीवर जीव लावून करणारं कुणी मिळेना."

जीव लावून करणाऱ्याला जीव लावलेल्या जागेवरून उठवतात, हे कौतुक लाडकीच्या गळी काही उतरलं नाही.

सोमी त्या दिवशी तिच्याकडेच राहिली. जेवताना मध्येच ती लाडकीच्या हाताला हात लावून बघायची.

कार्यक्रमाला लाडकी नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली. मोठे साहेब बोलत होते: किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती बाळंतपणं, किती वीज आणि पाणी वाचलं. प्रत्येक आकड्याला टाळ्या. बाळंतपणांच्या आकड्याला लाडकीनंही वाजवल्या. मग शाल आली, मोगऱ्याचं रोप आलं. खाली येऊन बसल्यावर तिनं समिधाला विचारलं, "सिस्टर, ते सारखं शाश्वत शाश्वत म्हणत व्हते, ते काय?"

"टिकून राहणारं. पुढेही चालत राहील असं."

"आणि मनुष्यबळ म्हणत व्हते, ते?"

"तुम्ही, मी. आपण सगळे."

लाडकीनं रोप मांडीवर नीट ठेवलं. "मग आमाला टिकवायचं का हलवायचं?"

समिधा हसली. कार्यक्रम संपल्यावर ती मॅट्रनबाईंशी काहीतरी बोलताना दिसली.

पुढच्या आठवड्यापासून लाडकीची सकाळ गच्चीवर आणि दुपार वॉर्डात, अशी ड्युटी लागली. हे कुणाच्या सांगण्यावरून झालं, ते तिला कुणी सांगितलं नाही. नवऱ्यानं, जिवल्यानं, विचारलं, "मंग बढती झाली का उतरवली तुला?"

"ठावं नाय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

वॉर्डातल्या पहिल्याच दुपारी ठकी नावाची पहिलटकरीण आली. भेदरलेली, भिंतीकडे तोंड करून. लाडकीनं हात पुसले, तिच्या उशाशी बसली आणि तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.