शिट्टी, श्रद्धांजली आणि धुळ्याचा गोल

आधीच सांगून ठेवतो, या किश्श्यात एक माणूस मरता मरता राहिलाय. आणि त्याला पोहोचवायला निघाला होता कोण? तुमचा हा सेवक! तेही गळ्यात पंचाची शिट्टी घालून.

सावदा-फैजपूर पट्ट्यातलं आमचं गाव. चारी बाजूंनी केळीच्या बागा, आणि मधोमध हॉकी! ही खोड नानांची. भुसावळला रेल्वेत नोकरी करून लोक परत येताना पितळेची भांडी आणतात, नानांनी पोतंभर हॉकी स्टिका आणल्या. शाळकरी पोरांची स्पर्धा सुरू केली. वादळात केळी आडवी झाली तरी स्पर्धा दर उन्हाळ्यात उभी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला तर थेट धुळ्याहून संघ यायचे. यायचे आणि कप घेऊन जायचे!

मैदान मात्र मसणाच्या रस्त्याला लागून. म्हणून नानांचा कडक नियम होता. अंत्ययात्रा दिसली की पंचाने शिट्टी मारायची, स्टिका खाली, माना खाली, खेळ बंद. त्यात उन्हाळ्यात म्हातारी माणसं भराभर जातात. दमलेला गोलकीपर तर रस्त्याकडे आशेने बघायचा! खोटं वाटतं? विचारा गावात.

त्या वर्षी फायनल आमची आणि धुळ्याची. आम्ही एका गोलने पुढे, वेळ संपत आलेली. मध्यंतरात लाइट आली म्हणून नाना मोटर सुरू करायला नदीकाठच्या बागेत गेले होते. इकडे धुळ्याचा एक काटकुळा पोरगा आमच्या चौघांना चकवून गोलसमोर उभा. गोलकीपर कुठे? जमिनीवर पालथा! गेला कप, म्हटलं.

तेवढ्यात रस्त्यावर काय दिसावं? चौघांच्या खांद्यावर खाट, खाटेवर डोक्यापर्यंत पांढरी चादर, मागे रडणाऱ्या बाया.

मी अशी शिट्टी फुंकली, अशी फुंकली, की झाडावरचे कावळे उडाले!

"भाऊ, गोल व्हनार व्हता ना! आते काय शे?" धुळ्याचा पोरगा रडकुंडीला आला.

"मान खाली घाल रे! माणुसकी काही आहे की नाही?"

मी धावत रस्त्यावर गेलो. खाट धरणारा पुढचा गडी धापा टाकत म्हणाला, "भाऊ, ते नाना..."

"काही बोलू नका. दुःखाची वेळ आहे. खाली ठेवा, विसावा घेऊ द्या."

त्याला वाटलं, मी जीप मागवतोय. ठेवली बिचाऱ्यांनी खाट खाली. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांसाठी आणलेला हार मी चादरीवर चढवला. गडी पुन्हा तोंड उघडायला लागला, मी पुन्हा हात वर केला. आता एवढं झाल्यावर मैदानावरचा माइक हातात न घेणारा मी आहे का?

"बंधूंनो! दिवंगत आत्मा अतिशय शांत स्वभावाचा होता. हॉकीशी त्यांचा काही संबंध नसला, तरी..."

चादर हलली.

बाया किंचाळल्या. चादरीतून आधी हार उडाला, मग डोकं वर आलं. नाना! तोंड निळसर, पायाला करकचून बांधलेला पंचा.

"गधड्या! मसनातून कोन परत येते रे? खाट कोन्या बाजूनं आली, ते तं पाह्य!"

खरंच की हो! खाट मसणाकडून, म्हणजे नदीकडून, गावाकडे चालली होती!

"नानाले साप चावला, भाऊ," गडी आता रडतच बोलला. "ऊन लागते म्हनून तोंड झाकलं व्हतं. मी मघाचा सांगून राहिलो!"

माझ्या हातातून माइक गळून पडला. पाहुण्यांची जीप आणली, नानांना आत घातलं. जाता जाता नाना ओरडले, "आन धुळ्याचा गोल धरा रे! पंचानं लबाडी केली!"

फैजपूरला दवाखान्यात इंजेक्शन टोचलं. पण उशीर झाला होता. नानांच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, श्वास अडखळायला लागला. बाहेर नानांची बायको, आमच्या काकू, भिंतीला डोकं टेकून बसलेल्या. माझ्याकडे बघत पण नव्हत्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "भेटून घ्या. काही सांगता येत नाही."

मी खाटेजवळ गेलो, हात जोडले. माफी मागायची होती हो, दुसरं काही नाही. बोलायच्या आधी जरा खाकरलो.

नानांनी खाडकन डोळे उघडले. डॉक्टरांचा हात घट्ट धरला.

"डाक्टर... काहीबी करा, पन मले वाचवा. मी मेलो, तं हा पुन्हा बोलीन!"

नाना वाचले. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनने. गावात कोणालाही विचारा, म्हणतील, माझ्या भाषणाच्या धाकाने.