त्या गोळीनंतर काकांना पडलेलं स्वप्न

मंडळी, दुपारचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

सुरतेत माझा दातांचा दवाखाना आहे. आज बमरोली भागातून लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, काम करणारे एक काका रूट कॅनालसाठी आले होते. काम नीट झालं. सूज आणि ठणका उतरावा म्हणून मी नेहमीची गोळी लिहिली.

"कुठल्या औषधाचा त्रास होतो का, काका?"

"नाही, बेन."

चिठ्ठीवरचं नाव वाचून ते हसले. "या गोळीनं मागे मला भारी स्वप्न पडलं होतं. सगळे लूम चालू, पण आवाजच नाही. खाली कोणीतरी पडलेलं, ओठ निळे. वाकून पाहिलं तर मीच!"

मी चिठ्ठी त्यांच्या हातातून परत घेतली. "मग?"

"मग हॉस्पिटलात जाग आली. गोळीनं दम कोंडला, असं तिथले डॉक्टर म्हणत होते."

मी चिठ्ठी फाडली, दुसरं औषध दिलं आणि त्यांना ॲलर्जीच्या तपासणीसाठी मोठ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

"काका, विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्रास विचारला, बेन. त्रास कुठे झाला? फार शांत वाटत होतं."

एखाद्या गोळीनंतर झालेलं असं काही तुम्हीही स्वप्न समजून सोडून दिलंय का?